घर दाखवताना

"थांबा, आधी आवाज ऐका," असं म्हणून प्रमिलाने बाथरूमचा नळ पूर्ण सोडला. पाइपात कुणीतरी कण्हल्यासारखं झालं, मग गुळणीभर तांबूस पाणी पडलं, आणि त्यानंतर जे आलं त्यात बोट धरवत नव्हतं.

"हा गार पाण्याचा," ती म्हणाली. "गरमाचा आम्ही मे ते ऑक्टोबर उघडतच नाही."

घर बघायला आलेलं जोडपं, रंजिता आणि राहुल, एकमेकांकडे बघत राहिलं. त्यांना घेऊन आलेली एजंट ईश्वरी दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. या आठवड्यातली तिची ही तिसरी खेप.

मालकाने वर्षाचं भाडं एकदम सात हजार दिरहॅमनी वाढवलं होतं, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. झेपत नसेल तर महिनाअखेर घर सोडा, असा निरोप होता. सुजीतने, प्रमिलाच्या नवऱ्याने, दुसऱ्याच दिवशी दुकानांतून रिकामी खोकी आणायला सुरुवात केली. प्रमिलाने ती गॅलरीत नेऊन टाकली. लेकीच्या, ईशानीच्या, शाळेची बस इमारतीखालीच थांबत होती, सुजीतला दुबईला नेणारी गाडी कोपऱ्यावरून सुटत होती, आणि त्यांना परवडेल असं दुसरं घर अख्ख्या अजमानात तिला सापडलं नव्हतं. "सोडायचं की नाही ते नंतर बघू," ती नवऱ्याला म्हणाली होती. "पण घर बघायला येणाऱ्यांना दार मीच उघडणार आहे ना? रिकामं घर घेऊन मालक किती दिवस बसतो तेच बघते."

आणि तेव्हापासून ती मन लावून घर दाखवत होती. पहिलं केरळी कुटुंब स्वयंपाकघरातूनच परत गेलं. बँकेतल्या एका गृहस्थांनी बाथरूमपर्यंत दम काढला. प्रत्येक वेळी ती आवाज थोडा वर चढवी, मध्येच कपाळाला हात लावी. आपण तिखटमीठ लावतोय असं तिला मनातून वाटे आणि त्याची थोडी लाजही वाटे. ज्या घरात सहा वर्षं संसार केला, ते इतकं वाईट असेल कसं?

"आता बेडरूम," ती म्हणाली. हा तिचा हुकमी एक्का होता. "या भिंतीला हात लावा. लावा, लावा, लाजू नका."

रंजिताने तळवा टेकवला. रंगाचे पापुद्रे सुटून खाली पडले. हात काढला तेव्हा तो ओला होता.

"वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी मुरतं. वॉचमनला सांगितलं की म्हणतो, इन्शाल्ला. सहा वर्षं इन्शाल्ला चाललंय."

राहुल हसला. "तरी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या शेअरिंगच्या खोलीपेक्षा बरंच की गं. इथे किचन तरी आपलं एकट्याचं होईल."

रंजिता हसली नाही. ती त्याच भिंतीला लावलेल्या लहान पलंगाकडे बघत होती. पलंगावर सात वर्षांची ईशानी उशीला टेकून टॅबवर चित्रं रंगवत होती. उशीची भिंतीकडची कड बुरशीने काळपट पडली होती.

"बाळा, खोकला येतो का तुला?"

"ओन्ली व्हेन आय स्लीप," ईशानी मान वर न करता म्हणाली.

डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली होती. इकडे धूळ असतेच, म्हणाले होते. प्रमिलाने ते निमूट ऐकून घेतलं होतं.

"आपण अजून थोडे दिवस शेअरिंगच करू," रंजिता नवऱ्याला म्हणाली. निघताना तिने प्रमिलाचा हात हातात घेतला. "ताई, इतकी वर्षं कशा राहिलात हो?"

त्यात टोमणा नव्हता. दुःखाच्या घरी भेटायला आलेलं माणूस विचारतं, तसं तिने विचारलं होतं.

ते दोघे लिफ्टकडे गेले. ईश्वरीने पॅसेजमध्ये मालकाला फोन लावला आणि पाचेक मिनिटांनी हसत आत आली.

"जिंकलात तुम्ही ताई. तिसरी पार्टी पण गेली म्हटल्यावर साहेब नरमले. जुनंच भाडं, एक दिरहॅम वाढ नाही. रिन्यूअलचा कागद बॅगेतच आहे माझ्या. साइन करा, खलास."

तिने कागद टेबलावर पसरला आणि पेन पुढे केलं. प्रमिलाने ते घेतलं. सुजीतला फोन करून सांगावं असं तिच्या मनात आलं. तो ऑफिसात उडीच मारेल. तिने टोपण काढलं, सहीची जागा शोधली, आणि मग तिची नजर आतल्या भिंतीकडे गेली. आठवडाभर ती ज्याला नाटक समजत होती, त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

ती उठली. ईशानीला उतरायला न सांगताच तिने पलंग दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून ओढला आणि खोलीच्या मधोमध आणून ठेवला. "आई, व्हॉट आर यू डुइंग?" पोरगी म्हणाली. प्रमिलाने बाहेर येऊन पेनला टोपण लावलं आणि ईश्वरीच्या हातात दिलं.

"काय झालं ताई?"

"आज सही नाही."

"साहेब चिडले तर हेही हातचं जाईल. सुजीतदादांना तरी विचारा."

"चिडू देत," प्रमिला म्हणाली. "त्यांना इथे घेऊन या. सगळ्यांना घर दाखवून झालं, त्यांनाच तेवढं दाखवायचं राहिलंय."