खंडेनवमीचा कीबोर्ड

मुलांनो, कचेरीसमोरचं एक इवलंसं टायपिंगचं दुकान डोळ्यांपुढे आणा बरं. खंडेनवमीचा दिवस आहे. पूजेला मांडलेल्या कीबोर्डवर झेंडूची माळ आहे आणि कोपऱ्यात नऊ वर्षांची शर्वरी फ्रॉकची कड पिळत उभी आहे.

"पूजेसाठी कीबोर्ड लख्ख कर," असं बाबांनी सांगितलं होतं. तिने तो ओल्या घासणीने इतका घासला, की बटणांवरची सगळी अक्षरंच निघून गेली. मग घाबरून तिने वर माळ पसरली.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. "भाऊ, लेकीच्या वसतिगृहाचा अर्ज टाइप करून द्या. आज शेवटची तारीख, पाचला खिडकी बंद होतीय!"

बाबांनी नमस्कार करून माळ उचलली आणि ते थबकलेच. ते टाइप करायचे दोन बोटांनी, बघून बघून. एक बटण दाबलं, भलतंच अक्षर उमटलं. दुसरंही चुकलं.

"शर्वे, काय करून ठेवलंस हे?"

"तुम्हीच म्हणालात ना, लख्ख कर!" तिला रडू फुटलं.

बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. शर्वरीची नजर कोऱ्या बटणांवरून हलेना. शाळेत जाण्याआधी, बाबांच्या मांडीवर बसून, ती याच बटणांवर अक्षरं वाचायला शिकली होती.

तिने डोळे पुसले, पूजेच्या ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पहिल्या बटणावर पहिलं अक्षर काढलं.