लमजदचे काटे

उजवी बाजू बसली की डावी सुटत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी लमजदची गत झाली होती.

जुन्या ट्रेलरचं लोखंड कापून, वेल्डिंग करून, फोर्कलिफ्टला असतात तसे हे काटे त्यानं स्वतः बनवले होते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन हातांना ते जोडायचे, संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेलं लाकडी फळ्यांचं पॅलेट त्यावर उचलायचं आणि चिखलातून थेट रस्त्यावर न्यायचं. कुणाच्या मदतीची गरज नाही. बेत झकास होता. पण काटे जोडले जातील तर ना.

पहारीनं रेटून त्यानं उजवी खीळ घातली. डावीकडे चार बोटं कमी पडली. तो ट्रॅक्टरवर चढला, जरासा मागे घेतला, उतरून पाहिलं. आता डावं भोक दोन बोटं पुढे गेलं होतं, आणि काटे चिखलात तिरके रुतले होते. त्यानं लोखंडाला लाथ घातली. लागलं अर्थात त्यालाच.

रस्त्यावर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. समुद्राकडून आभाळ काळं होत चाललं होतं. तोडलेलं फळ भिजलं की व्यापारी त्याला हात लावत नाही. वर्षाची कमाई अशी उघड्यावर पडलेली, आणि हा त्या खिळीपायी रडकुंडीला आलेला.

निवडुंगाच्या कुंपणापलीकडे त्याचा थोरला भाऊ खमैस गाढवाला चारा घालत होता. दोघांत दोन हिवाळे बोलणं नव्हतं.

"बघ रे," खमैस गाढवाला म्हणाला, "काही लोक सकाळपासून लोखंडाशी कुस्ती खेळतायत."

लेकी बोले सुने लागे. लमजदनंही गाढवाकडेच पाहिलं. "मालकाला सांग तुझ्या, दुसऱ्याच्या बागेत डोकावू नये."

"डोकावतंय कोण? शिव्याच इतक्या मोठ्यानं देतायत की तुझेसुद्धा कान उभे राहिले."

लमजदनं पुन्हा पहार उचलली. दोन हिवाळ्यांपूर्वी याच बागेत ते दोघं मिळून पेट्या उचलत होते. खमैस दम खायला क्षणभर टेकला, तेव्हा संत्री तोडणाऱ्या सगळ्या बायांसमोर लमजद म्हणाला होता, "तू घरी बस. तू मध्ये नसलास तर माझं एकट्याचं दुप्पट काम होतं." खमैसनं पेटी खाली ठेवली आणि तो निघून गेला. तेव्हापासून लमजद एकट्यानं पेट्या वाहून कंबर मोडून घेत होता. म्हणून तर हे काटे.

पहार सटकली. लमजदची बोटं सोलली गेली आणि तो चिखलात बसकण मारून बसला. उठायचीही इच्छा उरली नव्हती.

कुंपणाच्या फटीतून खमैस आत आला. थेट ट्रॅक्टरवर चढला. मागे वळून भावाचे हात पाहत त्यानं चाक केसभर हलवलं. "घाल," तो म्हणाला. लमजदनं खीळ घातली. लोण्यात सुरी जावी तशी गेली.

मग खमैस उतरलाच नाही. पॅलेटमागून पॅलेट त्यानंच रस्त्यावर नेलं. थेंब पडायला लागले तेव्हा ट्रकवर ताडपत्री बांधून झाली होती.

ट्रॅक्टर जागेवर लावून खमैस खाली उतरला. काट्यांवर त्यानं एकदा हात फिरवला. काम पक्कं होतं, ते त्याला मान्य करावंच लागलं.

"हे आता काढू नकोस," जाता जाता तो म्हणाला. "असंच जोडलेलं राहू दे. म्हणजे पुन्हा तुला कुणाची गरज पडायची नाही."

तो कुंपणापाशी पोचतो न पोचतो तोच मागे धाडकन आवाज झाला. खमैसनं वळून पाहिलं. काटे चिखलात पडले होते, आणि दोन्ही खिळी लमजदच्या हातात होत्या.

"भाऊ," तो म्हणाला, "उद्याही ट्रक यायचाय. माझ्या एकट्याच्यानं हे जोडलं जात नाही."