कार्ड क्रमांक ४१

नाव: सनोबर. इयत्ता सहावी. सप्टेंबर १९७८.
घसा: स्वच्छ.
हृदय: निरोगी.

हे सगळं कालच लिहून झालं होतं. शाळेची नर्स मुहय्यो आपा दर वर्षी आदल्या दिवशीच कार्डं भरून ठेवायच्या. आज बघायचे ते फक्त हात आणि डोकं. खरूज नाही, उवा नाहीत, की पोर चाललं शाळेबरोबर सरकारी शेतावर कापूस वेचायला. पहिला बर्फ पडेपर्यंत.

सनोबरने हात पुढे केले. नखं निळी.

"शाई सांडलीस का गं?"

"नाही आपा. पाणी भरून आणलं की होतात अशी. बसलं की जातात."

आपांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. छातीला लावायची पद्धत नव्हती, तरी लावला.

हृदय: ठोका. मग फाटकी चादर झटकल्यासारखा आवाज. ठोका. पुन्हा चादर.

बाहेर ट्रकने भोंगा दिला. मुख्याध्यापक होलमत अका दारात आले.

आपा उठून त्यांच्याजवळ गेल्या. हळूच म्हणाल्या, "अका, हिला नेऊ नका. हृदयात दोष आहे. तिथे मरेल."

"कापसातून सूट अख्ख्या शाळेत एकालाच. ती परवाच जिल्ह्याला कळवली." त्यांनी खिशातली यादी उलगडली. "हृदयविकार. नोदिरा. तुझी लेक. ते नाव घालायला खरबुजं घेऊन माझ्या घरी कोण आलं होतं रडायला?"

"ते नाव खोडा."

"खोडतो की! माझं काय जातं?" त्यांनी पेन पुढे केलं. "खाली लिही, धडधाकट पोरीला मी आजारी लिहिलं. सही कर. आणि नोदिराचं गाठोडं बांध."

आपांनी पेन घेतलं.

खिडकीबाहेर नोदिरा दोरीवरच्या उड्या मारत होती. एकशे सहा. एकशे सात. एकशे आठ.

शेरा:

शेरा:

सही: मुहय्यो.

यादीवर नाही. कार्ड एक्केचाळीसवर, कालच्या 'निरोगी'खाली, शेरा कोरा ठेवून.

"शहाणी आहेस," होलमत अका म्हणाले आणि ट्रककडे गेले.

सनोबरने गुंड्या लावल्या. "आपा, काय ऐकू आलं आत?"

"घोडा पळतोय. जा, ट्रक सुटेल."

सनोबरने कापसाची झोळी कमरेला बांधली. दारापर्यंत जाऊन थांबली. दम घेतला. खिडकीकडे बघून म्हणाली,

"आपा, नोदिराला ओरडा ना. किती उड्या मारतेय! तिच्या वाटचा कापूस मी वेचीन म्हणावं, पण तू गप बसून राहा. तिचं हृदय कमजोर आहे ना?"