हात की गाडी

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि आर्डिसने नवऱ्याचा कप काठोकाठ भरायला सुरुवात केली होती.

वेंडेलने कप उचलला. पाव कापत असल्याचं सोंग करत तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. टेबलावर कॉफीचा एक थेंब पडला. तो भरल्या कपाचा की थरथरत्या हाताचा, हे तिला ठरवता येईना.

"कॉफी स्वस्त झाली का गं हल्ली?" वेंडेलने विचारलं.

"का?"

"इतकी ओततेस म्हणून."

"पी मुकाट्याने."

आपला मोठा डिझेल पिकअप थरथरतो, असं वेंडेल वसंतापासून सांगत होता. हमरस्त्यावर काटा साठ मैलांच्या पुढे गेला की आधी स्टिअरिंग, मग सीट, मग तोंडातले दात. टायर बदलून झाले, चाकं तोलून झाली. गावातला मेकॅनिक डुएन दर खेपेला हमरस्त्यावर फेरी मारून येई आणि मान हलवी.

"वेंडेल, लोण्यासारखी चालतेय हो गाडी!"

"साठच्या वर नेलीस का खरंच? की तळ्याकाठी सिगारेट ओढून परत आलास?"

डुएन हसे. वेंडेल हसत नसे. डुएनकडून परतताना एकदा त्यांच्या मुलाने, केंटने, चालवून पाहिला. त्यालाही काही जाणवलं नाही. आर्डिस पिकअपमध्ये बसे ती फक्त रविवारी, चर्चला जाताना. एरवी तिची स्वतःची मोटार होती. तिलाही काही जाणवलं नव्हतं.

गाडी ठीक आहे, तर मग थरथरतंय काय? हा प्रश्न घरात कोणी उच्चारला नाही. वेंडेलच्या वडिलांना अखेरीस शर्टाची बटणं लावता येत नसत. आर्डिसच लावून देई. ती बटणं तिच्या बोटांना अजून आठवत होती. चर्चमध्ये द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं तबक वेंडेलच्या हातून पुढे सरकलं, की ती प्रार्थना सोडून पेले किणकिणतात का ते ऐके.

शेवटी केंटने तोंड उघडलं. "डॅड, यंदा वासरं बाजाराला मी नेतो. पुढेही मीच नेत जाईन. किल्ल्या माझ्याकडे राहू द्या."

"आज किल्ल्या. उद्या चमचाही तूच धरणार का?"

केंट मान खाली घालून गेला. पण दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर वेंडेलने स्वतःच किल्ल्या आर्डिसच्या ताटलीशेजारी ठेवल्या. "गुरांची पेंड संपलीय. तूच चालव." आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो शेजारच्या सीटवर बसला. जाताना सगळा रस्ता तो खिडकीबाहेर बघत होता.

दुकानातून पेंडीची पोती, मिठाचे ठोकळे, कुंपणाचे खांब, सगळं मागच्या हौद्यात चढलं. गाडीची मागची बाजू खाली बसली. परतीच्या वाटेवर आर्डिसने हमरस्ता धरला आणि काटा साठच्या पुढे नेला.

तिच्या तळव्यांत गुणगुण सुरू झाली. भीतीने असेल, असं तिला वाटलं. मग सीट हलली. थर्मासचं झाकण खुळखुळू लागलं. मग दात. तिने वेग कमी केला, थांबलं. वाढवला, पुन्हा सुरू.

"वेंडेल!"

त्याने मांड्यांखालून हात काढून वर धरले, पोलिसाने दरडावल्यासारखे. "मी काहीच करत नाहीये हं!"

ती घरी गेलीच नाही. गाडी वळवून, भरल्या हौद्यासकट, चिखलासकट, तिने थेट डुएनच्या दारात उभी केली. डुएनने तिच्या बाजूला बसून एक फेरी मारली आणि खाली उतरून कपाळाला हात लावला.

"अहो, अशी भरून का नाही आणलीत कधी? वजन बसलं की मागची बाजू दबते, मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो. रिकामी गाडी कशाला थरथरेल?"

दोघेही आर्डिसकडे बघू लागले. गाडी मेकॅनिककडे न्यायची म्हटलं, की ती हौदा रिकामा करवून घेई आणि शेवटची काडी निघेपर्यंत पाण्याने धुऊन काढी.

"घाणेरडी गाडी गावात न्यायची नसते," आर्डिस म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

मग वेंडेल हसला. वसंतापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याने गाडीच्या दाराला टेकून डोळे पुसले आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. डुएनने शाफ्टच्या आधाराखाली लोखंडाची एक पातळ पट्टी बसवली. थरथर गेली.

वेंडेलने त्यानंतर बारा वर्षं वासरं बाजाराला नेली. त्याच्या शर्टाची बटणं शेवटच्या दिवसापर्यंत त्यानेच लावली. डुएन गॅरेज विकून मुलीकडे ॲरिझोनाला गेला. तिथलं ऊन सोसत नाही म्हणून दर नाताळच्या पत्रात कुरकुरतो. पिकअप केंटकडे आहे. गंजलाय, पण चालतो. केंट कधी तो धूत नाही.

आर्डिस आता गावात, चर्चमागच्या दोन खोल्यांत राहते. रविवारी केंट येतो, कॉफी करतो आणि आईचा कप अर्धाच भरतो.

"भर रे, काठोकाठ भर," ती म्हणते.

तो भरतो. ती दोन्ही हातांनी कप उचलते. कॉफी टेबलावर सांडते, बाहीवर सांडते. केंट खिडकीबाहेर बघत राहतो.

"तिकडे काय बघतोस?" आर्डिस म्हणते. "हौद्यात वजन आहे."