वाढव

"सुरभी, ऊठ आता. लोक जेवून चालले," इंदूबाई दारातून म्हणाल्या.

सुरभी उठली नाही. टीव्हीच्या पडद्यावर वरून दगड पडत होते आणि खालचं इवलंसं विमान तिला त्यांच्यातून काढायचं होतं. अंगठ्याला फोड आला होता. त्याच अंगठ्यानं ती गोळ्या मारत होती.

सकाळपासून सगळ्या दिग्रसची लाइन गेलेली. आतल्या खोलीत इन्व्हर्टर टीं टीं करू लागला होता. बाबांचा तो जुना कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. गेम कॅसेटवरून चढायचा. कॅसेट लावली की तो पुन्हा केव्हाही चढला असता. पण सर्वांत मोठे पाच स्कोअर आणि त्यांच्यापुढची नावं कॅसेटवर नव्हती. ती मशीनच्या डोक्यात होती, करंट असेपर्यंत. बाबांना, नागोरावांना, यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं तेव्हा घाईत मशीन चालूच राहिलं. ते परत आले नाहीत. मशीन अजून चालू होतं.

"आज बापाची तेरवी, अन् पोट्टी गेम खेळून राह्यली. काय म्हणतीन लोक?"

"म्हणू दे."

"चार घास खाऊन घे. मंग खेळ."

"बॅटरी संपून राह्यली, आई. मंग कायचं खेळतो? आता नाई झालं तं कधीच नाई होत."

हात पुसत पुंडलिकराव आत आले. बाजारात नागोरावांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला लागून त्यांचं सायकलचं दुकान होतं. वाकून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"काय व, बापाचा रेकॉर्ड मोडतं का? अवं, त्याच्या पाचव्या नंबरालेही कोणी हात लावला नाई आजवर. मी तं पयल्याच दगडात खपतो."



"मोडाच लागते, काका. बाबानं सांगतलं."

"कधी?"

"दवाखान्यात. मास्क बाजूला सारला अन् म्हणे, 'वाढव माय.'"

हे बोलतानाही तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. लहानपणी ती खेळायला बसली की ते पाठीमागं उभे राहून हेच म्हणत. वाढव, वाढव. दवाखान्यात तिनं मान हलवून हो म्हटलं होतं. त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नाहीत.

पुंडलिकरावांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, पुन्हा काढला.

"सुरभी, संध्याकाळी शटर ओढाच्या टायमाले तुहा बाप मले रोज आवाज दे. काय म्हणे, ठाऊक आहे?"

विमान डावीकडे सरकलं. एक मोठा दगड बाजूनं गेला.

"'पुंडलिक, वाढव आता.' दुकान बंद कर, असं त्यानं जिंदगीत नाई म्हटलं. बंद हा शब्दच त्याच्या तोंडून निघे ना. दुकान असो, टीव्ही असो, देवापुढचा दिवा असो. वाढव म्हणे."

दगड विमानावर पडला. सुरभीनं तो पाहिला होता. बोट हललं नाही.

पडद्यावर पाच ओळींची यादी आली. तिचा स्कोअर त्यात नव्हता.

"मशीनचंच म्हणत असंन तो," पुंडलिकराव घाईघाईनं म्हणाले. "चालू राह्यलं ना घरी. त्याचाच घोर असंन त्याले. दुसरं काय?"

त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मले वाटलं, ऑक्सिजन वाढव म्हणून राह्यले," त्या म्हणाल्या. "मीच पळत जाऊन सिस्टरले घेऊन आली. तिनं वाढवला. मास्क पुन्हा घट्ट बसवला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, भाऊजी. लय वेळ पाह्यलं."

बाहेर कोणीतरी पत्रावळी गोळा करत होतं. पुंडलिकराव चपला शोधत बाहेर निघून गेले.

इन्व्हर्टरची टीं टीं आता थांबेना. सुरभी उठली. पाय बधिर झाले होते. भिंतीला धरून ती स्विचपर्यंत गेली आणि तिनं बोट त्यावर ठेवलं. मशीन आपोआप विझण्याआधी हे तिलाच करायचं होतं.

"थांब," इंदूबाई म्हणाल्या.

त्या आल्या आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या. इतक्या वर्षांत या खेळापुढं त्या कधी बसल्या नव्हत्या.

"मले इंग्रजी येत नाई. यातलं त्यायचं नाव कोणतं?"

"सारेच, आई."

"पाचही?"

"पाचही."

इंदूबाईंनी हात पुढं केला. काचेजवळ जाताच हातावरची लव ताठ उभी राहिली. त्या दचकल्या.

"झटका लागते काय?"

"नाई लागत."

त्यांनी अख्खा तळहात काचेवर टेकवला. बोटांच्या फटींतून हिरवी अक्षरं दिसत होती.

"काच अजून ऊन आहे," त्या म्हणाल्या.