ब्याण्णव टक्के

अण्णा सकाळी संगणकापुढे बसले आणि पडद्यावरची नवी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "शाळेच्या आठवणी लावतोय. जरा दम खा, आलोच." मग त्यांनी सुनेला हाक मारली. "हेमांगी, अगं ये लवकर! हा आपला निरंजनच बोलतोय. असं दुसरं कोण म्हणतं?"

हेमांगी ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. निरंजन जाऊन सहा महिने झाले होते. शेवटच्या आजारात एका कंपनीने त्याच्या मेंदूची नक्कल उतरवून घेतली होती, आणि ती या संगणकात जागी व्हायची होती. पडद्यावरची पट्टी रोज सकाळी आठ वाजता अर्धा टक्का सरकायची. आज ती ब्याण्णववर आली होती.

निरंजन त्याच कंपनीत होता. काम लांबलं की पडद्यावर दिसणारे निरोप तोच लिहायचा. ही ओळही त्याचीच, चार वर्षांपूर्वीची. आज ती शेकडो घरांत दिसत असेल. तेव्हा तो हेमांगीला हसत म्हणाला होता, "खरं काम चालू असलं की पट्टी अडखळत, धक्के खात जाते. एकसारखी सरकायला लागली, की समजायचं, मागे नुसतं घड्याळ आहे. माणसं उठून जाऊ नयेत म्हणून."

सहा महिन्यांत पट्टी एकदाही अडखळली नव्हती.

"येतोय ना गं तो?" अण्णांनी विचारलं.

हेमांगीने ओढणीला हात पुसले.

"येतोय, अण्णा," ती म्हणाली. "जरा दम खा."