राखीव पट्टा

“एवढं मोठं कार्यालय आणि एक पंखा फिरेना! नवरीची हळद घामाने उतरली,” मावशी शेजारणीच्या कानाशी पुटपुटली.

गोरज मुहूर्त होता. हल्ली वीज बिनतारी मागावी लागे. मीटरची हाक केंद्रापर्यंत पोहोचली, तरच दिवे लागत. आज गावातली सगळी कार्यालयं एकदमच हाका मारत होती आणि याची हाक त्या कलकलाटात विरून गेली होती.

वधूपिता धामणस्कर सुमेधाकडे धावले. या हाका वाहून नेणाऱ्या लहरींचे पट्टे वाटायचं त्यांचं जुनं काम आता तिच्याकडे होतं. या कार्यालयाला सगळ्यात गर्दीचा पट्टा तिनेच शोधून दिला होता.

“ताई, आजाऱ्यांच्या घरांसाठीचा राखीव पट्टा अर्धा तास द्या ना. रिकामाच असतो तो.”

पत्रिका आल्यापासून सुमेधा याच वाक्याची वाट बघत होती. तिने सावकाश पदर सारखा केला.

“देते की, भाऊसाहेब. मागे तुम्ही तो मिरवणुकीच्या रोषणाईला दिलात, तेव्हा काय झालं तेवढं सगळ्यांना मोठ्यांदा सांगा.”

माणसं हातातल्या अक्षता निरखू लागली. ठाऊक सगळ्यांनाच होतं.

“शुभकार्यात कशाला ते...” धामणस्कर कसंनुसं हसले.

“मला घाई नाही. मुहूर्त तुमचा आहे.”

नवरीच्या आईने औक्षणाचं ताट खाली ठेवलं.

“मी सांगते. सुमेधाताईंच्या यजमानांचं श्वासाचं यंत्र वीज मागत राहिलं आणि आमच्या ह्यांनी पट्टा दिव्यांना देऊन टाकला होता. गुदमरून गेले ते. आम्ही मारलं त्यांना.”